पाचवी प्रत

बाबा, मुरबाडच्या एस.टी. स्टँडसमोरच्या तुमच्या टायपिंगच्या खोलीत तुम्ही पाच कागद आणि मध्ये चार कार्बन जुळवून मशीनवर चढवायचात, आणि मी शाळेचा युनिफॉर्म न बदलताच स्टुलावर बसून हस्तलिखित वाचून दाखवायची. "सावकाश गो," तुम्ही म्हणायचात, "सिस्टर लागल्यात का मागं?" कागदाच्या तळाशी पेन्सिलीची फिकट खूण असायची. तिथं थांबायचं, खाली तळटिपांना जागा हवी. डावीकडे दीड इंच समास, कारण बांधणारा तेवढा खातो. कॉन्व्हेंटमधल्या प्रार्थनेइतकंच हे मला पाठ होतं.

आज शहापूरच्या घरात, टेबलावर माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या चार बांधलेल्या प्रती आहेत. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. शाळेतून निवृत्त झाल्यावर पीएच.डी.ला बसले, विषय रानातल्या भाज्या आणि कंद. सोमवारी विद्यापीठात द्यायच्या आहेत. सकाळपासून तीनदा उठून मी पट्टीनं समास मोजला. समास बरोबर आहे. तरी बसवत नाही.

धसईचे ते गुरुजी आठवतात का? एम.ए.साठी झाडपाल्याच्या औषधांवर लिहिलेलं बाड घेऊन आले होते. ज्यानं त्यांना सगळं सांगितलं तो सिद्धगडाखालच्या वाडीवरचा म्हातारा त्या दिवशी त्यांच्यासोबत बाजाराला आलेला. उंबऱ्यावर बसून तो आपला टाइपांकडे बघतो आहे. शेवटचं पान निघाल्यावर त्यानं विचारलं, "ह्यातला माझा कागद कोनता?" मी हसले. म्हटलं, "आजोबा, तुम्हाला वाचता कुठे येतं?"

तुमचे हात थांबले. तुम्ही ओरडला नाहीत. पाचवी प्रत, सगळ्यात पुसट, माझ्या मांडीवर ठेवलीत. "मंग तू वाच. सगळं."

मी वाचत गेले, फुरंगटून, भराभर. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मध्येच त्यानं हात वर केला. "थांब गो. ह्यो पाला पोटात कोन देतो? मारशील कोनला तरी. वरून बांधायचा त्यो." गुरुजींनी वही काढली, पानं उलटली, आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन झाडांची टिपणं एकमेकांत मिसळली होती. तुम्ही पुन्हा पाच कागद, चार कार्बन जुळवलेत. मग मला म्हणालात, "सांगनाऱ्याला इचारल्याबिगर पान पुरं होत नाय. समास मागून बघू."

वैशाखरे गावाच्या पुढच्या पाड्यावर मला हे सगळं सांगणारी एक आजी आहे. चार पावसाळे तिच्या मागून मी रानात फिरले. चुलीपाशी बसवून तिनं मला कडू कंद कसा गोड करायचा ते दाखवलं: राखेच्या पाण्यात शिजवायचा, वाहत्या पाण्यात ठेवायचा. आधी काय आणि नंतर काय, हे माझ्या वहीत एका पानावर एक आहे आणि दुसऱ्या पानावर उलटं. मी एक निवडलं आणि टाइप केलं. चुकीचा शिजवलेला तो कंद माणसाला आजारी पाडतो, हे मीच त्या प्रकरणात लिहिलंय.

"पुस्तक झालं का गो बाय?" तिनं मागच्या खेपेला विचारलं. "वाचशील ना मला? का नुसतीच फोटू काढून जाशील, त्या टीवीवाल्यागत?" वाचीन म्हणाले. माझी मार्गदर्शक माझ्या मुलीच्या वयाची. ती म्हणते, "मॅडम, आशय झाला आपला. आता फक्त फॉरमॅट बघा." मी दोन रविवार फॉरमॅट बघितला. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे, प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्र, संदर्भसूची. पाड्यावर गेले नाही.

तर असं ठरवलंय. तीन प्रती विद्यापीठाच्या, चौथी मार्गदर्शकेची, पण उद्याचा रविवार होईपर्यंत त्या टेबलावरून हलायच्या नाहीत. पाचवी काल मी बाइंडरकडून न बांधताच परत आणली. सुटी पानं दोरीनं बांधून पिशवीत ठेवली आहेत, सोबत तुमची पेन्सिल. ती प्रत आजीची. सकाळच्या गाडीनं निघून मुरबाडला गाडी बदलेन आणि तिच्या चुलीपाशी बसून वाचेन. तिनं हात वर केला तर चारही प्रती फोडाव्या लागतील आणि सोमवार जाईल. जाऊ दे म्हणते खरी, पण पट्टी अजून हातातच आहे. हे पत्र तुमच्या कार्बनच्या डब्यात राहील. ते दुसऱ्या कुणाचं नाही.

एक मात्र सांगते. प्रती बांधायला टाकल्या त्या घाईमुळे नाही. सोनेरी अक्षरांचं जाड पुस्तक समोर ठेवलं की म्हातारी "थांब गो" म्हणायची नाही, असं वाटलं होतं मला.