हिरव्याखाली हिरवा

दादा,

तू टाकून गेलेली सायकल माझ्या लेकीसाठी रंगवायला काढली. अडगळीत गंजली असेल असं धरून चाललो होतो. दुकानात मी नुसत्या आवाजावरून सायकलचं दुखणं ओळखतो. पण मागचं चाक फिरवलं, तर कुरकुर नाहीच. नुकतंच तेल दिल्यासारखं फिरलं. रंग खरवडला, तर हिरव्याखाली हिरवा, त्याच्याही खाली हिरवा!

तू भांडून गेल्यापासून अप्पांनी तुझं नाव काढलेलं नाही. आणि गुपचूप हे करत होते.

लेकीसाठी सीट खाली घ्यायला पाना लावला, तोच मागून अप्पा म्हणाले, "हात लावू नकोस. त्याचे पाय लांब आहेत."

"मग बोलावू त्याला?"

"खबरदार! यायचं तर आपणहून येईल. पोरीला नवी घे की, चिकट कुठला!"

म्हणून हे पत्र पेटीत टाकता येत नाही. पण सायकल हिरवीच रंगवून, रस्त्यावरून दिसेल अशी दारात उभी केली आहे. अप्पा जाता-येता बघतात. आत घे, असं अजून म्हणाले नाहीत.

वाट बघणाऱ्या दोघांपैकी एक,
तुझा धाकटा