बारा कोपऱ्यांचं नाणं

आई, ते बारा कोपऱ्यांचं पिवळं नाणं आठवतं ना? खोपोलीच्या कारखान्यात आलेल्या विलायती इंजिनिअरने बाबांना दिलेलं, तू हळदीच्या फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवलेलं. एका बाजूला त्यांच्या राजाचं तोंड, आणि राजाच्या डोक्यावरचे दोन कोपरे तिरपे झिजून सपाट झालेले. बाकीचे दहा शाबूत. त्या दोन कोपऱ्यांबद्दल मला बोलायचं आहे आणि ऐकायला तू नाहीस. तुला जाऊन एकोणतीस वर्षं झाली.

कुंभिवलीच्या कारखान्यात मी तपासणी खात्यात नवा लागलो, तेव्हा कुठलाही भाग हातात आला की तो कशाने झिजला ते सांगायचो, कुणी विचारलं नसलं तरी. अंगात शहाणपण मावत नव्हतं. एका रविवारी तुझ्या चुलीपुढे बसून मी ते नाणं भिंगाखाली धरलं. कानशीचे ओरखडे सरळ जातात, इथे ते गोल गोल. रस्त्यावर घासलं असतं तर सगळेच कोपरे गेले असते. मला काही उलगडेना, आणि उलगडत नाही असं कबूल करायची सवय नव्हती. म्हटलं, "सोनारानं फसवलं तुला. पारखायच्या नावाखाली कोपरं घासून नेलं. आनि हे सोनं नायच, पितळ हाय." तुझा हात भाकरीवर थांबला. "पितळ? नीट बघ रं." नीटच बघितलंय, मी म्हणालो. मग तू विचारलंस, "पितळ पोटात गेलं तं काय हुतं रं?" मी हसलो. नाणं कोण खातं, म्हटलं. तोवर भाकरी करपली, आणि त्यावरूनही मीच तुला बोललो.

तेव्हापासून तू माझ्या पोटाच्या मागेच लागलीस. जेवून उठलो की "पोट बरं हाय ना रं?" मित्र बसलेले असले तरी तेच. मी वैतागायचो.

गेल्या आठवड्यात तुझी सून देवघरातल्या तुझ्याच सहाणेवर आपली अंगठी दुधाच्या थेंबात उगाळत बसली होती. माझी नात दोन महिन्यांची आहे. सोनं चाटवलं की बाळ अंग धरतं म्हणे. डॉक्टर नको म्हणतात, पण आमच्याकडे डॉक्टरांचं चालतं कुठे? मी रागवायला गेलो, तर अंगठीची कड दिसली. तिरपी, सपाट, ओरखडे गोल गोल. डब्यातून नाणं आणून तिच्या हातावर ठेवलं. तिला भिंगबिंग काही लागलं नाही. "आवो, हे उगाळलेलं हाय. तुमच्याचसाठी आसंल. सासूबाई बोलायच्या, लहानपनी तुमी जगताय का मरताय आसं झाल्तं."

घरात सोन्याचा मणी नव्हता, म्हणून तू मला तेच चाटवत होतीस. सोनं समजून, कोपरे जाईपर्यंत. आणि मी नोकरीला लागून, भिंग घेऊन, तुला सांगितलं की ते पितळ होतं. मला काही झालं नाही गं. साठीला आलो, अजून दगड पचवतो. हे एवढंच तुला सांगायचं आहे, आणि कुणाकडे जाऊन सांगू ते कळत नाही. पस्तीस वर्षं लोकांच्या यंत्रांची झीज ओळखली, घरातली ओळखता आली नाही. हा कागद घडी करून नाण्याबरोबर डब्यात ठेवीन, दुसरं काय करणार.

एक राहिलं. शेवटच्या वर्षी तू म्हणालीस, मला कर्जतला बहिणीकडे सोड. पिशवी भरून तयार होतीस. मला टीव्हीवर मॅच बघायची होती. मी म्हटलं, पोट दुखतंय. तू पिशवी खाली ठेवलीस आणि माझ्या बेंबीभोवती हिंग चोळत बसलीस, तुझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. बहिणीची भेट हुकली म्हणून रडतेस असं मला वाटलं. आई, त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं.