मिठूच्या गाडीचा स्क्रू

रविवार, २ नोव्हेंबर

घाटंजीच्या बाजाराच्या मैदानात ह्यांनी मला लुना शिकवली, तेव्हा मागून कॅरिअर धरून पळायचे. कधी सोडलं, कळलंच नाही.

आज नातीची, मिठूची, स्वस्तातली चिनी, पोरांसाठीची पेट्रोलवरची छोटी बाइक सुरू केली. कार्बोरेटर धुतला, चेन ताणली. नखं इतकी काळी, की माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी बोटांवर पट्टी मारली असती.

लेक चिडली. "आई, काय करून राह्यली तू? पोरगी पडली म्हणजे?"

खरंच, पडली तर? ह्या गाडीला मागून धरायला कॅरिअर कुठलं? मग अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीजवळचा स्क्रू आत पिळला. आता मूठ थोडीशीच वळते. गाडी मागून पळता येईल इतकीच धावते.

"आजी, माही सायकल याच्याहून जोरात पळते," मिठू म्हणाली.

उद्या गाडी आणि हेल्मेट मिठूला द्यायचं. स्क्रूड्रायव्हर तिच्या आईला. किती सोडायचं, कधी सोडायचं, ते तिनं ठरवावं.