गेन्कोकाका लठ्ठ झाले त्याची हकीकत

तीर्थरूप लाम्बोमामांना दोब्रीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? बुर्गासची समुद्राची हवा हाडांना चांगली, असं तुम्हीच सांगता आणि तुम्हीच कण्हता, म्हणून विचारलं.

आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. (अंत्यविधीला तुम्ही चर्चच्या दारातूनच परतलात, तो विषय आज नको.) कुणी गेल्यावर आणि पुन्हा वर्षाने फाटकावर, चर्चवर, बसथांब्यावर लावायचा काळ्या चौकटीचा फोटोवाला कागद या खेपेला मी स्वतः छापणार आहे. त्यावर आई आईसारखी दिसली पाहिजे, बस्स. आणि दिसणारच, कारण छपाईचा प्रोग्राम मी लिहिलाय! बढाई मारत नाही (मारतोय, पण भाच्याने मामापुढे नाही मारायची तर कुणापुढे?).

त्या प्रोग्रामचं पहिलं गिऱ्हाईक शेजारचे गेन्कोकाका. शहरातल्या इस्पितळात वारले, गावात कुणाला पत्ता नाही. काका म्हणजे वाळकी काटकी, फोटोही तसाच उभा आणि अरुंद. माझी चौकट मात्र आडवी. मोकळी जागा मला बघवत नाही, म्हणून माउसने फोटोची कड धरली आणि चौकटभर ताणली. कागद गावभर लागले. सकाळी काकांच्या पत्नी स्तांकाकाकूंच्या फाटकाशी बायका गोळा, 'अगं, तुझ्याकडे हा कोण ढेरपोट्या पाहुणा वारला?' (खाली नाव होतं, पण नाव वाचायला चष्मा लागतो, गाल लांबूनच दिसतात.) काकांचा सोंगट्यांचा जोडीदार तर थेट अंगणात जाऊन हाका मारायला लागला, 'गेन्को, बाहेर ये रे, हा कोण गेला?'

काकू तो कागद घेऊन तडक माझ्याकडे. मी त्यांच्यासमोरच प्रोग्राम दुरुस्त केला. आता कोपरा धरून कितीही ओढा, रुंदी वाढली की उंचीही त्याच मापात वाढते. बाजूला पांढरी जागा राहील, पण माणूस फुगणार नाही! काकूंनी स्वतः कोपरा ओढून काकांना लहान केलं, मोठं केलं, पुन्हा लहान केलं. 'हाच माझा गेन्को,' म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मामा, काय सांगू, ऊर भरून आला! शहरात एवढी कामं केली, पण माझं काम बघून कुणी रडलं नव्हतं (वैतागून रडले असतील). जुने कागद काढायला निघालो तर काकू म्हणतात, 'गुत्त्याच्या दारावरचा राहू दे. मेल्यांनी जन्मभर काटकी म्हणून चिडवलं त्याला.' तो अजून तिथेच आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा (अभिमानाने थोडा फुगलेला) भाचा,
दोब्री

ता. क. आईचा मनासारखा फोटो एकच आहे, तुमच्या लग्नातला. तुम्ही दोघं बहीणभाऊ गालाला गाल लावून हसताय. आडवा आहे, चौकटीत चपखल बसतो. पण तुम्हाला कापावं तर आईचा गाल जातो, आणि अख्खा ठेवावा तर कागदावर तुम्हीही येता. तुम्हीही गेलात असं समजून गाव तुमच्याही नावाने श्राद्धाचा गहू शिजवेल.

आणखी एक. भीत भीत बाबांना विचारलं. (द्राक्षमळ्याच्या भांडणापासून घरात तुमचं नाव निघत नाही, ठाऊकच आहे.) बराच वेळ फोटो बघून म्हणाले, 'राहू दे लाम्बोला. एवढं ती त्याच्याशेजारीच हसायची.' तेव्हा अख्खा छापतोय. तुम्ही जिवंत आहात हे गावाला पटवायचं असेल तर त्या दिवशी आमच्या फाटकाशी येऊन उभे राहा. गुडघ्याची सबब चालणार नाही, बस तुमच्या दारातच थांबते. इथल्या थांब्यावर बाबा घ्यायला येणार आहेत.