परवा, म्हणजे शुक्रवारी

आप्पा,

परवा ती घरी येऊन गेली. परवा म्हणजे नेमकं कधी, हे तुम्ही लगेच विचाराल, म्हणून सांगते: गेल्या मंगळवारी, दुपारी जेवायला. ती म्हणजे तुमच्याच वर्गातली, बाकावर माझ्या उजव्या हाताला बसणारी, शुद्धलेखनाच्या पानभर चुका करून वर तुमच्याकडेच बघून हसणारी. आता तिचे केस पिकलेत आणि ती ते रंगवत नाही. इतकी वर्षं ब्रुसेल्समध्ये काढली तरी तिचं मराठी अजून मलकपेठेतलंच आहे. जेवता जेवता, माझ्या नवऱ्यासमोर आणि मुलीसमोर, तिला एकदम रडू फुटलं. म्हणाली, "सर मला माफ करतील का गं? त्या फोनची वायर ढिली होती, मालूम होतं मला. आज करते, उद्या करते म्हणत राहिले. नीट केली असती तर तुझं बोलणं पुरं झालं असतं ना सरांशी." माझ्या नवऱ्याने तिला पाणी दिलं. मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तिच्या ताटात आणखी थोडं वरण वाढलं आणि म्हटलं, जेव आधी, गार होतंय.

म्हणून लिहायला बसले. हे पत्र लपवून ठेवायची गरज नाही, कारण चिक्कडपल्लीच्या या घरात ते वाचणारं कुणी नाही. तुमचा जावई तेलुगू, आणि तुमची नात मराठी झकास बोलते, पण दुकानाची पाटी वाचायची म्हटलं तरी अक्षराला अक्षर लावत बसते. तुम्ही असतात तर तिला बाराखडी गिरवायला बसवलं असतंत आणि मला चार शब्द सुनावले असतेत. ते मी ऐकून घेतले असते.

तुमचं आणि 'परवा' या शब्दाचं वैर साऱ्या शाळेला ठाऊक होतं. मी सहावीत आहे, घरात आप्पा आणि शाळेत सर असा माझा रोज गोंधळ होतो आहे, आणि मी उभी राहून सांगते, "सर, परवा माझी वही हरवली." तुम्ही खडू खाली ठेवता. "कुठल्या परवा?" वर्ग हसतो. मग तुम्ही फळ्यावर काल आणि उद्या लिहून दोन्ही बाजूंना एकेक परवा लिहिता आणि म्हणता की हा शब्द आधीच दोन तोंडांचा, त्यात आपण राहतो हैदराबादेत. इथे माणूस 'परसों' म्हणाला की ती गोष्ट दोन दिवसांपूर्वीची असेल, दोन वर्षांपूर्वीची असेल, नाहीतर त्याच्या आजोबांच्या लग्नातली असेल. तेव्हा परवा म्हटलं की पुढे वार सांगायचा. आणि ऐकणाऱ्याने क्रियापद येईपर्यंत थांबायचं, गेलो की जाणार ते कळल्याशिवाय हलायचं नाही. त्या दिवशी वार आठवेपर्यंत मला उभं ठेवलंत. वही मंगळवारी हरवली होती.

आई गेली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यानंतर आपण दोघंच. तुम्ही स्वयंपाक शिकलात, भाकरी थापताना वर्गात कविता शिकवताना असायचात तेवढे गंभीर व्हायचात, आणि भाकरी तुटली की तव्यालाच रागवायचात. शाळेतली मुलं दरवर्षी कमी होत होती, सगळ्यांना इंग्रजी शाळा हवी होती, तुमच्या वर्गात शेवटी अकरा मुलं उरली. ते दिवसच तसे होते. आपल्या गल्लीत दोन कम्प्युटर क्लास निघाले, खालच्या किराणावाल्या चचांनी दुकानातला अर्धा भाग रिकामा करून काचेचा फोन-बूथ बसवला, औषधांच्या कंपनीत मला निर्यात विभागात नोकरी लागली आणि ती कम्प्युटर शिकून थेट ब्रुसेल्सला गेली. तिथून तिचं पत्र आलं, नाताळात दोन आठवडे ये, मी एकटी आहे. मी तुम्हाला भीत भीत विचारलं. तुम्ही ते पत्र दोनदा वाचलंत, लाल पेनने तिच्या तीन चुका दुरुस्त केल्यात आणि म्हणालात, "जा की मग. मी काय लेकरू आहे का?"

दर रविवारी तुम्ही अफझलगंजच्या वाचनालयात जायचात. निघायच्या आधीच्या रविवारी तिथून येताना तुम्ही फुटपाथवरून एक तपकिरी माकडटोपी घेऊन आलात. मला ती बघूनच कसंतरी झालं. मी म्हटलं, "आप्पा, तिथे असलं कुणी घालत नाही." तुम्ही म्हणालात, "तिथल्या लोकांच्या कानांशी मला काय करायचंय? मी तुझ्या कानांचं बोलायलो." बेगमपेठच्या विमानतळावर सोडायला आलात तेव्हाही आत जाताना तुम्ही काचेपलीकडून दोन्ही कानांवर हात ठेवून दाखवलेत. मला लोकांची लाज वाटली आणि मी न बघितल्यासारखं केलं.

ब्रुसेल्सने माझी निराशाच केली, निदान आधी. बर्फ बर्फ म्हणून गेले आणि तिथे नुसती रिपरिप. दुपारी चारलाच अंधार. पण आप्पा, मी इतकी सुखात होते की काय सांगू. पिवळ्या ट्राममध्ये बसून आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत जायचो आणि तशाच परत यायचो. कागदाच्या कोनात तळलेले बटाटे घेऊन चौकातल्या दिव्यांखाली उभं राहायचं आणि मोठमोठ्याने मराठी बोलायचं. आई गेल्यापासून सकाळी उठल्या उठल्या माझ्या डोक्यात तुमचा डबा, तुमच्या गोळ्या, पाण्याचा नळ हेच यायचं. तिथे डोक्यात काहीच यायचं नाही. रविवारी चचांच्या बूथवरून तुमचा फोन यायचा, आपण दोन-तीन वाक्यं बोलायचो, तेवढंच. गुरुवारी आम्ही डोंगराकडच्या गावात दोन दिवस जाणार होतो. तिकडे बर्फ नक्की आहे, असं तिच्या ऑफिसातल्यांनी सांगितलं होतं.

आणि बुधवारी सकाळी तुमचा फोन आला. रविवार नसताना.

साऱ्या जगाला ठाऊक असलेली हकिकत अशी: ती स्वयंपाकघरात उपमा करत होती, मी पॅसेजमध्ये फोन घेतला, तुम्ही म्हणालात, "परवा दवाखान्यात…" आणि फोन कट झाला. क्रियापद आलंच नाही. ती म्हणाली, आपण बूथवर उलट फोन लावू. मी म्हटलं, "नको गं, परवा दवाखान्यात जाऊन आले असतील, नेहमीचं ब्लडप्रेशर. त्यांना आता परत खाली बोलवायला नको." तिने माझ्यावर विश्वास ठेवला. गुरुवारी आम्ही गेलो. शुक्रवारी मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला, हातात घेतला, तिच्या अंगावर फेकला. त्याच दिवशी सकाळी इथे तुमच्या पित्ताशयातले खडे काढताना तुमचं हृदय थांबलं. चचा दोन दिवस रिकाम्या घरात फोन वाजवत होते. शनिवारी संध्याकाळी आम्ही दार उघडलं तेव्हाही तो वाजतच होता. मी सोमवारी पोचले, तोवर काकांनी गावाहून येऊन सगळं उरकलं होतं.

शुक्रवारच्या आत मी पोचले असते का? बहुतेक नसते. तिकिटं, मुंबईचं विमान, हा हिशेब मी इतक्यांदा करून बघितलाय की तो आता बोथट झालाय. पण मधे गुरुवारचा अख्खा दिवस होता. तुम्ही त्या दिवशी घरी एकटे होतात. मला तुमच्याशी बोलता आलं असतं, किती वेळ तरी.

आता खरं काय झालं ते. तुम्ही विचारलंत, "माय, बर्फ पाहिला का?" मी म्हटलं, "नाही अजून, उद्या जाणार आहोत." तुम्ही म्हणालात, "बरं बरं. ऐक, परवा दवाखान्यात भरती व्हायचंय मला." व्हायचंय. मी ऐकलं ते. तुमच्या मुलीला कळलं नाही असं होईल का? माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं सांगू? काय झालंय, हे नाही आलं. आलं ते, आत्ताच का? उद्या मला जायचंय, आणि आत्ताच का? मग मी मोठ्याने, स्वयंपाकघरात तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "हॅलो? आप्पा? हॅलो? ऐकू येत नाहीये काही." आणि तुम्ही तिकडून घाईघाईने म्हणालात, "मला येतंय तुझं ऐकू, बोल, माय. बोल." मी फोनच्या खाचेतलं पांढरं बटण बोटाने खाली दाबलं आणि दाबूनच धरलं.

वायर ढिली नव्हती. निदान त्या दिवशी नव्हती.

परत आल्यावर चौथ्या दिवशी मी खाली चचांकडे गेले. त्यांनी गल्ल्यातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. "आप्पासाब का पर्चा है, बेटा. फोन में क्या क्या बोलना, लिख को लाते थे वो. उस दिन काऊंटर पेच रह गया." शाळेच्या वहीचं पान, तुमचं ते तिरपं अक्षर. एक, तब्येत कशी. दोन, बर्फ. तीन, परवा (शुक्रवारी) खडे काढणार, साधं काम आहे. चार, तू येऊ नकोस, सुट्टी पुरी कर. पाच, टोपी. दोनपर्यंत खूण केलेली होती. तीनच्या पुढे पेन टेकवल्याचा नुसता ठिपका.

मी म्हटलं, "लाइन कट गई थी, चचा." तो माणूस त्या फोनपासून दोन हातांवर बसायचा. दिवसभर लोकांची बोलणी ऐकायचा, लाइन कशी जाते आणि माणूस फोन कसा ठेवतो, हे त्याला कळत नसेल? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बूथच्या बिलाच्या मशीनकडे पाहिलं. म्हणाले, "हौ बेटा. कट जाती कभी कभी." पुढे म्हणाले, "मैं बोला, फिर से लगाता हूँ. आप्पासाब हँसे. बोले, नक्को, रहने दो. अच्छाच हुआ, बच्ची नाहक फिकर करती." मी ती चिठ्ठी घेऊन वर आले आणि बॅगेतून टोपी काढली. घडी तशीच होती, तुम्ही घातलेली.

तुम्ही का हसलात, आप्पा? इतकी वर्षं मी हेच विचारते आहे. खरंच लाइन गेली असं तुम्हाला वाटलं, की तुम्हाला कळलं होतं? माझ्या निबंधातलं एखादं वाक्य दुसरीकडून उचललेलं असलं तरी तुम्हाला वाचता वाचता कळायचं. मग माझा तो खोटा आवाज कसा कळला नसेल? कळलं असेल तर ते सोबत घेऊन तुम्ही गुरुवार काढलात, भाकरी केलीत, पिशवी भरलीत. आणि नसेल कळलं, तर तुम्ही माझ्यासाठी खूश होऊन गेलात. या दोन्हींपैकी मला कुठलं हवंय हेही मला ठरवता येत नाही. मला फक्त तुम्ही हवे आहात, आणि तुम्ही मला रागवायला हवे आहात.

आणि मधल्या मधे तिने ते आपल्या अंगावर घेतलं. मी इकडे आल्या आल्या तिने तो फोन फेकून दिला. तुमच्या प्रत्येक श्राद्धाला ती तिकडे जेवत नाही, हे मला या मंगळवारी कळलं. ती गेल्यावर मी ठरवलं की आता पुरे, हिला सांगून टाकायचं, मग ती माझं तोंड बघेना का.

काल, म्हणजे रविवारी, सकाळी मी तिला फोन लावला. आता बूथ नाही, वायर नाही, कुठल्याही कोपऱ्यातून कुठेही बोलता येतं. ती अजून तिच्या भावाकडे मलकपेठेतच आहे, इथून असं किती लांब, तुम्ही तर चालत गेला असतात. मी समोर तुमची चिठ्ठी घेऊन बसले होते आणि तिच्या शेजारी एका वहीत मीही लिहून घेतलं होतं, एक, दोन, तीन. तिने उचलला. म्हणाली, "बोल ना." मी म्हटलं, "त्या दिवशीच्या फोनचं तुला काही सांगायचंय." ती म्हणाली, "सांग की. काय झालं? बोल, मी ऐकायलेय."

तेव्हा मी म्हणाले, "हॅलो? हॅलो? तुझा आवाज येत नाहीये गं," आणि फोन ठेवला.

आवाज स्वच्छ येत होता, आप्पा.