वजन कोणाचे, हे विचारलेच पाहिजे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोक्याबद्दल माझ्या धाकट्या दिरांचे मत वेगळे आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर मुलाला. गच्चीची गळती आजवर मी बुजवली, आता त्याने बुजवावी.

२. बँकेतली शिल्लक सुनेला, एकटीला. मुलाने तोंड वाकडे करू नये.

३. दिरांनी आणि मी काढलेल्या कंपनीतला माझा निम्मा हिस्सा माझ्या भाचीला. ती आमच्याकडेच प्रोग्राममधल्या चुका शोधते. कारण सांगते. इस्पितळात मुलांच्या औषधाचे प्रमाण काढणारा आमचा प्रोग्राम मी लिहिला आणि त्याची डागडुजीही जन्मभर मीच केली. वजन भरले की तो विचारतो, "हे एकट्या बाळाचे, की आईसकट?" रडणारे पोर आईच्या कडेवरूनच काट्यावर चढते आणि घाईत आईचे वजन वजा करायचे राहून जाते. गेल्या वर्षी भाऊजींनी मला न विचारता तो प्रश्न काढून टाकला. डॉक्टरांना कटकट होते म्हणे. आठवड्याच्या आत सिस्टरचा फोन आला, "ताई, तान्ह्या पोराला हा मोठ्या माणसाचा डोस दाखवतोय. इंजेक्शन भरलं होतं मी." तिचे लक्ष गेले म्हणून पोर वाचले. मी प्रश्न परत घातला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, जुन्याला किती दिवस कवटाळून बसणार?" त्या वाक्याचा राग मी बरोबर नेणार आहे, तो कोणाच्या वाट्याला ठेवत नाही.

४. भाचीने प्रोग्राम हवा तसा बदलावा. सगळा मोडून नवा लिहिला तरी माझी हरकत नाही, मीही तेच करत आले. मात्र कोणतीही ओळ का होती हे कळल्याशिवाय काढू नये. आया पोरांना घेऊन काट्यावर चढतात तोवर तो प्रश्न राहील. तिच्या सहीशिवाय भाऊजींना तो काढता येणार नाही.

५. माझा अक्षरे पुसलेला कीबोर्ड भाऊजींनी मागितला होता. तोही भाचीलाच.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. म्हणून भाऊजींना बोलावले आहे. त्यांनी हे मोठ्याने वाचावे आणि मगच सही करावी.

ठिकाण: माझी जेवणाची खोली
दिनांक: ४ मार्च
सही: वहिनी, ताई, मावशी, मला जे म्हणता ती

साक्षीदार पहिली: इस्पितळातली सिस्टर. सही.
साक्षीदार दुसरे: धाकटे दीर. मोठ्याने वाचले. पटलेले नाही. सही केली.