कानामागचे कोंब

सौंदड

तीर्थरूप गोपीचंददादांस,

ओमेश्वरीचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढा वाकून). तिकडे चिचगडला आपला खोकला, आपली म्हैस आणि आपला राग, तिघांच्या प्रकृती कशा आहेत ते कळवावे. आपला पुतण्या खुमेंद्रच्या लग्नात आपल्या धाकट्या भावाने, मनीरामने, आपल्याला दुसऱ्या पंगतीला बसवले, तेव्हापासून आपण या घरचे पाणी प्यायला नाहीत. मी त्याच्याच घरी राहत असले तरी त्याची वकिली करायला लिहीत नाही. सहज लिहिते आहे. खुशाली कळावी, एवढेच.

निवृत्त होऊन मी गावी परतले हे आपल्या कानी असेल. मी हैदराबादला ‘लॅबमध्ये’ आहे असे आपणच गावभर सांगून ठेवले होते, त्यामुळे सकाळी दार उघडावे तर कोणीतरी बाटलीत लघवी घेऊन उभे. मला साखर तपासता येत नाही म्हटल्यावर शेजारचा भैय्यालाल म्हणाला, “मंग इतके वर्सं काय करून राहिली होती?” आपल्यालाही हे नीट माहीत नाही, म्हणून आता लक्ष देऊन वाचा. सजीवाच्या प्रत्येक पेशीत प्रथिने बनतात. त्यांचा कच्चा माल पाठीवर वाहून आणणारे बारीक रेणू असतात, त्यांना ट्रान्सफर आरएनए म्हणतात. राइस मिलमधले हमाल समजा. मी आयुष्यभर या हमालांची अंगझडती घेतली. तरुणपणी आपल्याच घरच्या, देवापुढे ठेवायच्या लाल कुसळाच्या धानात मला एक हमाल असा सापडला की त्याच्या अंगावर दुसऱ्या कुठल्याच धानात न दिसलेली एक खूण होती. दिल्लीच्या परिषदेत मी ते मांडले. एक थोर प्राध्यापक उठले आणि भर सभेत म्हणाले, ही खूण नसून बाईंच्या नळीतली घाण आहे. सभा हसली. त्या काळच्या यंत्रांची नजर अधू, पुरावा देणार कुठून? पुढे मी पुष्कळ शोधनिबंध लिहिले, विद्यार्थी घडवले (काही घडलेही), पण ती ‘घाण’ माझ्या नावावरून निघाली नाही.

आता माझी जुनी विद्यार्थिनी भाग्यश्री बेंगळुरूला असते, तिच्याकडे नवे यंत्र आले. ती म्हणाली, मॅडम, ते धान नुसते पाठवा, कोंब मी काढते. मी म्हटले, कोंब मी काढणार, तू फक्त सुका बर्फ घेऊन ये. (आरएनएइतकी नाजूक जात दुसरी नाही. माणसाच्या बोटांवरच्या घामात आणि थुंकीत त्याला फस्त करणारा पदार्थ असतो. म्हणून आमच्या कामात दोनच नियम: हात लावायचा नाही आणि जवळ उभे राहून बोलायचे नाही. याच कारणाने मला मैत्रिणी कमी.)

मनीरामने ते धान पेरणे केव्हाच सोडले. उरले होते फक्त स्वयंपाकघरातल्या देवाच्या ढोलीत, त्या मातीच्या छोट्या कणगीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीने त्या खोलीत पाऊल टाकायचे नाही ही आपल्या घरची रीत. मी लग्नच केले नाही (गावाला त्याची केवढी कीव!), त्यामुळे तडक आत गेले. मनीरामची बायको फुलवंता ढोलीला आडवी उभी.

“बाई, देवाचं धान तुमाले तपासाले कायले पाह्यजे?”

“माझ्या कामाचं आहे.”

“देव विचारन मले.”

“त्याला माझ्याकडे पाठव.”

अखेर तिने ढोली पालथी केली. निघाले ओंजळभर. मागच्या खोलीत अंधार केला, परात उकळत्या पाण्याने धुतली, ओल्या कापडावर धान पसरले आणि घरातल्या प्रत्येकाला रबरी हातमोजे व तोंडाला पट्टी दिली. मनीराम म्हणाला, “आता म्या बिडी कशी पिऊ?” मी सांगितले, पिऊ नकोस.

कोंब बोटभर झाले, पिवळे, सरळ, शिस्तीचे. भाग्यश्री गोंदियाला उतरायची त्याच सकाळी मनीरामच्या धाकट्या रिंकीला पाहायला देवरीकडचे पाहुणे एक दिवस आधीच उगवले. मी दारातच मोजे वाटले. मुलाच्या वडिलांनी मनीरामला कोपऱ्यात घेऊन विचारले, “काय बिमारी चालू हाये जी घरात?” पण मुलाच्या आजीने दोन्ही हात पुढे करून मोजे चढवून घेतले आणि जाहीर केले, “असं नेमाचं घर म्या जल्मात नाही पाह्यलं. पोरगी पसंत हाये.” रिंकी अजून बाहेरही आली नव्हती.

मागच्या खोलीकडे फिरकायचे नाही आणि अवाक्षर बोलायचे नाही, अशी ताकीद देऊन मी गोंदियाला गेले. भाग्यश्रीला आणि तिच्या बर्फाच्या पेटीला घेऊन परतते, तर तळ्याच्या पाळीवर गाणी चाललेली. गावच्या बायका, आघाडीला आजी, सगळ्यांच्या हातात माझे रबरी मोजे, आणि फुलवंताच्या डोक्यावर माझी परात.

झाले होते ते असे. आजीने खोलीचे दार लोटले. आत अंधार, ओले कापड, पिवळे कोंब, आणि हात न लावण्याचा कडक नेम. तिला वाटले, नवरात्रात अंधाऱ्या खोलीत उगवतात तसा देवीचा जवारा! (पुरावा पाहता निष्कर्ष तर्कशुद्ध होता, माझ्या काही विद्यार्थ्यांना एवढेही साधत नसे.) सोयरीक जुळल्याच्या दिवशी घरात जवारा तयार, यापरता शकुन कोणता? मग तो वाजतगाजत तळ्यात शिरवायचा, म्हणजे विसर्जन करायचा, आणि थोडे कोंब एकमेकींच्या कानामागे खोचून जन्माचे नाते जोडायचे; अशा मैत्रिणीलाही जवाराच म्हणायचे.

मी पोचले तेव्हा परात रिकामी होती. माझे आयुष्य तरंगत तरंगत शिंगाड्याच्या वेलींत शिरत होते. मी ओरडायला तोंड उघडले, तोच आजीने माझ्याही कानामागे एक कोंब खोचला. “आजपासून तू माही जवारा!” फुलवंताला विचारले, तुला ठाऊक होते, मग सांगितले का नाहीस? ती मोज्यांचे हात जोडून म्हणाली, “बोलाले तं तुमीच मना केलं होतं ना, बाई.”

भाग्यश्री पाळीवर बसून पोट धरधरून हसत होती. मग डोळे पुसून उठली, पेटीतून चिमटा काढला आणि एकेकीच्या कानामागचा कोंब उचलून बर्फात टाकू लागली. बायकांना तो विधीचाच भाग वाटला, त्या शिस्तीत रांग लावून उभ्या राहिल्या. मी म्हटले, वेडे, त्याला घाम आहे, खोबरेल तेल आहे, पावडर आहे. ती म्हणाली, “पण मॅडम, खोचताना सगळ्यांच्या हातात मोजे होते.” तिच्या समाधानासाठी मी तिला करू दिले. असल्या मालातून काही निघत नसते.

बाकी सर्व क्षेम. म्हशीस माझा आशीर्वाद, वहिनींस नमस्कार.

आपली धाकटी बहीण,
ओमेश्वरी

ता. क. वाटणीच्या वेळी देवाचे निम्मे धान आपण चिचगडला नेलेत, आणि बांधीच्या कोपऱ्यात अजून पेरता असे ऐकते. ते घेऊन रिंकीच्या लग्नाला यावे. तांदूळ नव्हे, धान. हात लावू नये, सोबत मोजे पाठवते आहे. दादा, हे सहज लिहिलेले नाही. त्या सभेतले हसू मला अजून ऐकू येते.

दुसरा ता. क. आपले पान पहिल्या पंगतीत. मनीराम म्हणतो, “दादा येतेत तं म्या सोता वाढतो.” त्याला बोलते करायला मला आवाज चढवावा लागला नाही. थोडा चढवला.

तिसरा ता. क. पत्र टपालात टाकायचे राहून गेले, तेवढ्यात भाग्यश्रीचा फोन. दोनदा तपासले. खूण आहे. स्वच्छ, ठसठशीत, खोबरेल तेलाला न जुमानता. ते प्राध्यापक आता हयात नाहीत (अवघड प्रश्न आला की सभेतून निघून जायची त्यांची सवय होतीच). मी फुलवंताला सांगितले तर कणीक मळता मळता म्हणाली, “आपल्या देवाच्या धानात घाण कशी राहीन, बाई? मले इचारलं असतं तं तवाच सांगतली असती.”

तेव्हा तपासणीसाठी धान नको. पण देवाची ढोली माझ्यापायी रिकामी झाली आहे, आणि रिकाम्या ढोलीच्या घरातून रिंकीची पाठवणी करायला फुलवंता तयार नाही. म्हणून धान घेऊन यावेच. मोजे पाकिटातून काढून घेतले आहेत. हात लावला तरी चालेल.